आग विझून दीड वर्ष झालं, तरी हे घरात धूर शोधतात

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं वय ४६. दीड वर्षापूर्वी त्यांच्या ऑफिसच्या इमारतीला आग लागली. सहाव्या मजल्यावरून ते धुरातून जिन्याने खाली आले. हाताला थोडं भाजलं होतं, दोन दिवसांत घरी सोडलं. त्यांच्या हाताखाली काम करणारा एक पंचविशीतला मुलगा त्यांच्या मागेच होता, तो खाली पोचलाच नाही. आम्हाला वाटलं, महिना-दोन महिन्यांत निवळेल. उलटंच झालं. रात्री ओरडत उठतात. झोपण्याआधी गॅस, प्लग, दार, पुन्हा गॅस, असं चालूच. काही करपल्याचा वास आला की चेहरा पांढरा पडतो, घाम फुटतो. लिफ्टमध्ये जात नाहीत, पहिल्या मजल्याच्या वर चढत नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही चौथ्या मजल्यावरचं घर सोडून तळमजल्यावर राहायला आलो. ती नोकरीही त्यांनी सोडली. आता वाढदिवसाला मेणबत्ती नाही, टीव्हीवर बातम्या नाहीत, जुने मित्र आले तर मीच दारातून परतवते. एवढं करूनही फरक नाही. मध्यंतरी मुलीचा फुगा फुटला तर तिच्यावर हात उगारला. माझ्याशी तर शेजाऱ्यासारखे वागतात. फॅमिली डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी आठ महिने चालू आहे, आणि हल्ली संध्याकाळचं पिणंही वाढलंय. त्या मुलाच्या आईवडिलांचा फोन येतो, तो हे कधीच उचलत नाहीत. दीर म्हणतात, "त्याच इमारतीतून चाळीस माणसं बाहेर आली, सगळी कामाला लागली. हाच मनाने कच्चा." मी मोबाइलवर पीटीएसडीबद्दल (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार) वाचलं. हे तेच का? हा विषय काढायचा की नाही? ते म्हणतात, "मला वेड लागलेलं नाही, मी कुठेही येणार नाही." त्यांना कसं न्यायचं? आणि हे बरं होतं का?
– अ.

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, यावर उपचार आहेत, चांगले आहेत, आणि दीड वर्ष उलटलं म्हणून वेळ निघून गेलेली नाही. अनेक वर्षं हा त्रास अंगावर काढून मग उपचाराला आलेली माणसंही सुधारतात.

निदान पत्रावरून होत नाही आणि मी करणारही नाही. पण तुम्ही मला जे लिहिलंत तेच एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखवलंत, तर तपासायला म्हणून त्यांच्या मनात पहिलं नाव पीटीएसडीचंच येईल. हे निदान करताना चार गोष्टी बघतात. घटना नको असताना परत परत घुसत राहणं, मग ती स्वप्नात असो की दिवसाउजेडी एखाद्या वासावरून. मग टाळाटाळ : त्या आठवणीची, आणि ती जागी करणाऱ्या माणसांची, जागांची, विषयांची. तिसरं म्हणजे मन काळवंडणं, म्हणजे अपराधी वाटणं, जगावरचा भरवसा उडणं, जवळच्यांपासून तुटल्यासारखं होणं. आणि चौथं, शरीर चोवीस तास पहाऱ्यावर असणं : झोप उडते, माणूस दचकतो, चिडतो, सारखं तपासत राहतो. हे सगळं एकत्र येऊन महिन्याहून जास्त टिकलं आणि त्यापायी काम किंवा घर विस्कटलं, की पीटीएसडीचा विचार करतात. तुमच्या पत्रात चारही गोष्टी आहेत आणि महिन्याच्या जागी दीड वर्ष आहे.

पहिला महिना तुम्ही वाट पाहिलीत, त्यात काही चुकलं नाही. एवढ्या मोठ्या प्रसंगानंतर पहिले काही आठवडे झोप न लागणं, तीच दृश्यं दिसणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपसूक ओसरतंही. ज्यांचं ओसरत नाही, त्यांना मदत लागते. काहींचं तर सुरुवातीला ठीक चाललेलं असतं आणि पूर्ण त्रास सहा महिन्यांनंतर डोकं वर काढतो. अशा वेळी घरच्यांना त्याचा त्या घटनेशी संबंधच लागत नाही. तुम्हाला तो लागला, हे बरं झालं.

तुम्ही त्यांना समजावून दमला असाल : "अहो, इथे कुठे आग आहे?" हे त्यांनाही माहीत असतं. तरी उपयोग होत नाही, कारण आपल्याला एखादी जुनी भयंकर गोष्ट आठवते तेव्हा ती होऊन गेली आहे हे आत कुठेतरी पक्कं असतं. पीटीएसडीत नेमकं तेच पक्कं राहत नाही. करपल्याचा वास आला की शरीराला वाटतं, आपण अजून त्या जिन्यातच आहोत. मेंदूतला अमिग्डला नावाचा लहानसा भाग धोका ओळखून क्षणात शरीराला कामाला लावतो. हे कधीचं आणि कुठलं, हा संदर्भ जोडायचं काम हिप्पोकॅम्पसचं, आणि कपाळामागचा भाग सगळ्याला आवर घालतो. या आजारात पहिला भाग अति जोरात आणि उरलेले दोन कमी पडतात, असं संशोधनात दिसतं. मेंदूविषयी एवढं पुरे. मुद्दा हा, की ते हट्ट करत नाहीत आणि नाटकही करत नाहीत.

"शेजाऱ्यासारखे वागतात" या तुमच्या वाक्यापाशी मी थांबले. ओरडणं, दचकणं घरची माणसं आजार म्हणून समजून घेतात. कोरडेपणा मात्र आजार वाटत नाही, तो आपल्यावर दिलेला निकाल वाटतो. आता याचं माझ्यावर प्रेमच राहिलेलं नाही, असं. पण हा कोरडेपणाही लक्षणांच्या यादीतच आहे. आनंद न जाणवणं, माया न वाटणं, माणसांपासून दूर गेल्यासारखं होणं या निदानाच्या लेखी कसोट्या आहेत. शिवाय जो माणूस मागे कोणीतरी राहिलं या जाणिवेने पोखरला गेलाय, त्याला सुखाची लाज वाटू शकते. तो मुलगा गेला आणि मी इथे बायको-मुलीबरोबर हसतोय, ही बोच माणसाला जवळच्यांपासूनच लांब ढकलते. तुमच्या पतींच्या मनात हेच आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पुढच्या वेळी ते तुमच्यासमोरून उठून आतल्या खोलीत गेले, तर "मी नको आहे" हा अर्थ काढायच्या आधी ही शक्यता मनात असू द्या.

आता दिरांचं मत. पहिल्या महायुद्धात आघाडीवरून परतलेले सैनिक थरथरायचे, त्यांची वाचा जायची, रात्री किंचाळून उठायचे. १९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यावर लिहिलं तेव्हा 'शेल शॉक' हे नाव वैद्यकीय चर्चेत आलं. पण फौजेतल्या अनेक अधिकाऱ्यांच्या लेखी तो भेकडपणाच होता. पळपुटेपणा, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश फौजेने आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतले काही याच त्रासाने खचलेले होते, असं आज मानतात. अशा ३०६ जणांना ब्रिटनने २००६ मध्ये मरणोत्तर माफी दिली. पीटीएसडी हे निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या नियमावलीत आलं १९८० मध्ये, आणि त्यातून एक गोष्ट अधिकृत झाली : धक्का बाहेरून बसलेला असतो, माणूस मुळात कच्चा असतो म्हणून हे होत नाही. तेव्हा दिरांचं मत म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या लष्करी साहेबांचं मत आहे. ते वाईट मनाने बोलत नसतील, मागे राहिलेत एवढंच.

त्यांच्या चाळीस माणसांचा हिशेब मात्र खोडून काढायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगातल्या साधारण ७० टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी असा मोठा आघात येतो, आणि त्यांतल्या ५.६ टक्के लोकांना पीटीएसडी होतो. लैंगिक अत्याचार किंवा युद्ध असेल तर हे प्रमाण खूप वाढतं. बायकांमध्येही ते पुरुषांपेक्षा जास्त आढळतं. म्हणजे बहुसंख्य लोक सावरतातच. मग हाच का? कारण आग एक असली तरी प्रत्येकाच्या वाट्याला आलेली घटना एक नव्हती. मरण किती जवळून पाहिलं, आधीच्या आयुष्यात काही सोसलेलं होतं का, नंतर आधार कसा मिळाला, नोकरी-पैशाचा ताण किती पडला, या सगळ्यावर ते ठरतं. आणि त्या चाळीस जणांपैकी कोणाच्या मागून तो मुलगा जिना उतरत नव्हता. हे एवढं एक वाक्य दिरांना सांगून बघा. त्याउपर वाद घालू नका, तुमची ताकद दुसरीकडे लागणार आहे.

त्या मुलाविषयीचा अपराधीपणा हाच या सगळ्याचा गाभा असावा, असा माझा अंदाज आहे. घरात तुम्ही सगळ्यांनी त्यांना सांगितलं असणार, "तुमची काही चूक नव्हती." त्याने फरक पडला नसेल. त्यांच्या डोक्यात रोज रात्री एक खटला चालतो. त्यात आरोपी तेच, फिर्यादी तेच, न्यायाधीशही तेच, आणि आरोपीला वकील दिलेला नाही. अशा खटल्यात बाहेरून कोणी ओरडलं की "हा निर्दोष आहे", तर ऐकलं जात नाही. उलट त्यांना वाटतं, हिला खरं माहीत नाही म्हणून ही असं म्हणते. कदाचित त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं असेल, कदाचित नसेल. कदाचित हाक ऐकल्यासारखी वाटली असेल. आज त्यांना शेवट माहीत आहे, आणि तो माहीत असताना ते त्या दिवशीच्या माणसाला तपासतायत. पण त्या जिन्यात शेवट माहीत नव्हता. धुरात हातभर पुढचं दिसत नाही, आणि आगीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड विचार करायची शक्तीच मंदावतो. हे त्यांना कोणी पढवून पटणार नाही, त्यांचं त्यांना शोधून काढावं लागेल. कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी नावाची उपचारपद्धती नेमकं हेच काम करते. ती साधारण १२ भेटींची असते. 'मी वळलो असतो तर तो वाचला असता' हे वाक्य कागदावर घ्यायचं आणि त्या क्षणी हातात काय होतं, काय कळत होतं, काय शक्य होतं, हे एकेक तपासायचं.

तोवर तुम्ही एवढंच म्हणा : "तुम्हाला किती जड जातंय ते मला दिसतंय." सोडवायला जाऊ नका. त्या आईवडिलांचा फोन उचलायचा आग्रहही आत्ता धरू नका. तुम्हाला जमत असेल तर तुम्ही उचला आणि खरं ते सांगा, की त्यांना अजून बोलता येत नाहीये, पण ते विसरलेले नाहीत. तिकडे फोन लावणाऱ्या माणसांनाही काहीतरी उत्तर हवं असेल.

आता जे लिहिणार आहे ते कडू लागेल. घर बदललंत, मेणबत्त्या बंद केल्यात, बातम्या बंद केल्यात, मित्रांना दारातून परत पाठवलंत. प्रत्येक गोष्ट मायेपोटी केलीत, आणि तुमच्या जागी कोणीही केली असती. पण पीटीएसडी टिकून राहतो तो टाळाटाळीवर. माणूस लिफ्ट टाळतो, लगेच हायसं वाटतं. ते हायसं वाटणंच त्याला शिकवतं की टाळलं म्हणून वाचलो. लिफ्टमध्ये गेलो असतो तर काय झालं असतं, हे पाहायची संधी भीतीला कधी मिळतच नाही. मग वर्तुळ आक्रसत जातं. आधी ते ऑफिस, मग उंच इमारती, मग चौथा मजला, मग मित्र. हळूहळू टाळणारा एक माणूस राहत नाही, अख्खं घर टाळायला लागतं. जोडीदारांवर झालेल्या अभ्यासांत असं दिसलंय की घरचे जितकं जास्त जुळवून घेतात, तितकी रुग्णाची लक्षणंही जास्त असतात. यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे सुटं करणं कठीण आहे, दोन्ही एकमेकांना खत घालत असावेत. तुम्ही लिहिलंत की एवढं करूनही फरक नाही. आता त्यातला 'करूनही' काढून पुन्हा वाचा.

पण म्हणून उद्यापासून सगळं उलटं फिरवू नका. आणि घरातलं कोणी "चल, एकदा गच्चीवर उभा करतो, भीती मोडेल" म्हणालं, तर ठामपणे अडवा. ढकलून दाखवलेली उंची आणि स्वतः ठरवून चढलेली उंची यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीने नवी जखम होऊ शकते. दुसरी उपचारात येते : थेरपिस्टबरोबर बसून सोप्यापासून अवघडापर्यंत यादी करायची आणि एकेक पायरी, भीती खाली येईपर्यंत तिथे थांबत, ओलांडायची. तुमचं आजचं काम त्याहून लहान आहे. नवी सवलत द्यायची नाही. जुन्या आहेत त्या तूर्त राहू देत. मित्र दारात आला तर तुम्ही परतवू नका, आत जाऊन विचारा : "ते आलेत. पाच मिनिटं बसताय, की तुम्हीच सांगताय त्यांना?" ते नाही म्हणाले तरी चालेल. पण ते 'नाही' त्यांचं असू दे.

विषय काढायचा का? काढायचा. आगीचा नाही, आजच्या त्रासाचा. "त्या दिवशी नक्की काय झालं ते एकदा सांगून टाका, मोकळे व्हा" हे अजिबात म्हणू नका. दुर्घटनेनंतर लोकांना लगेच एकदा बसवून सगळं वदवून घेण्याचा प्रकार पूर्वी बऱ्याच ठिकाणी व्हायचा. त्याने पीटीएसडी टळत नाही असं दिसून आलं, आणि तज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं आज तो करू नका असंच सांगतात. थेरपीतही घटना सांगावी लागते, पण ती तयारीने, टप्प्याटप्प्याने, पुन्हा पुन्हा, आणि सांगून झाल्यावर सावरून घेणारा माणूस समोर असताना. त्यांनी आपणहून तुमच्याकडे काही काढलं तर ऐका, मधे सल्ला देऊ नका, आणि तपशील खोदू नका.

वेळ निवडा. वाईट स्वप्नानंतर नको, प्यायलेले असताना तर नकोच. सकाळी, मुलगी घरात नसताना. ते म्हणतील, "मला वेड लागलेलं नाही." तुम्ही म्हणा, "नाहीच लागलेलं. पण दीड वर्ष तुम्ही झोपलेला नाहीत, आणि मीही नाही. झोपेसाठी आपण एकदा तज्ज्ञांना भेटू." हे खोटं नाही, झोप हे खरोखरच मोठं लक्षण आहे, आणि बहुतेक पुरुष मनापेक्षा झोपेची तक्रार घेऊन जास्त सहज येतात. दुसऱ्याच कोणाकडे जातोय असं सांगून फसवून मात्र नेऊ नका. धोक्याच्या शोधात असलेल्या माणसाला घरातूनच फसवलं गेलं, तर तो पुढच्या वेळी दारही उघडणार नाही. तरीही नाही म्हणाले तर अपॉइंटमेंट तुमच्या नावाने घ्या आणि तुम्ही जा. तुम्हालाही ती लागणार आहे, आणि बायको जाऊन आली, तिला काही खाल्लं नाही कोणी, हे पाहून नवरे पुढच्या खेपेला बरोबर येतात असा अनुभव आहे.

रात्रीचं थोडं. ओरडत उठतात तेव्हा अंगाला हात लावून हलवू नका. अर्धवट जागेपणी ते हात झटकतील, तुम्हालाच लागेल. दोन पावलं लांबून नाव घेऊन हाक मारा, दिवा लावा, आणि सपाट आवाजात सांगा : तुम्ही घरी आहात, मी इथे आहे, आज अमुक वार आहे. दिवसा वासाने वगैरे घाबरले तरी हेच. पाय जमिनीवर दाबायला सांगा, समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायला सांगा. याने आजार बरा होत नाही, तो क्षण तेवढा निभतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उलटतपासणी नको.

आता गोळी आणि दारू. तुमच्या पत्रात तातडीचं जर काही असेल तर हे. गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम यांपैकी असेल तर ती बेन्झोडायझेपिन गटातली आहे. या गटाच्या गोळ्या पीटीएसडीसाठी देऊ नयेत असंच आजची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मूळ आजार त्यांनी हटत नाही, सवय लागते, आणि थेरपीतून जे शिकायचं त्यात त्या अडथळा आणू शकतात. पण हे वाचून गोळी एकदम बंद करू नका! महिनोन्‌महिने घेतलेली अशी गोळी अचानक थांबवली तर झटके येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू कमी करतात. आणि तिच्यासोबत दारू म्हणजे श्वास मंदावून जिवावर बेतण्याचा धोका. दोन्ही एका रात्री नको, हे त्यांना आजच्या आज, दारूविषयी कुठलंही प्रवचन न देता सांगा. रोज पीत असतील तर दारूही झटक्यात बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा. फॅमिली डॉक्टरांना दोष द्यायचं कारण नाही, त्यांच्यासमोर झोप येत नाही अशी तक्रार आली असणार, आगीची नाही.

पीटीएसडीवर ज्यांचा उपयोग दिसून आलाय ती औषधं वेगळी आहेत : सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन. पहिल्या दोन औषधांना अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेची या आजारासाठी खास मान्यता आहे. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. वाईट स्वप्नांसाठी काही वेळा प्राझोसिन देतात, त्याबद्दलचे निष्कर्ष संमिश्र आहेत. द्यायचं की नाही ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. पण पहिली पसंती गोळीला नाही, आघातावर थेट काम करणाऱ्या थेरपीला आहे. एकीचं वर सांगितलं. दुसरी प्रोलाँग्ड एक्स्पोजर, मानसशास्त्रज्ञ एड्ना फोआ यांनी विकसित केलेली, साधारण ८ ते १५ भेटींची. तिच्यात आठवणीला आणि टाळलेल्या जागांना टप्प्याटप्प्याने सामोरं जायचं असतं. तिसरी ईएमडीआर. त्यात घटना मनात धरून थेरपिस्टच्या हालणाऱ्या बोटांमागे डोळे फिरवायचे असतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे जादूटोण्यासारखं वाटतं, आणि डोळे फिरवण्यानेच फरक पडतो का यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पण उपचार म्हणून पूर्ण पद्धतीचा उपयोग अभ्यासांत दिसलाय. या तिन्हींपैकी तुमच्या आवाक्यात जी शिकलेला माणूस मिळेल ती घ्या. सगळ्यांनाच पूर्ण गुण येतो असं नाही. काहींची थोडी दचक, एखादं स्वप्न मागे राहतं. पण झोप लागणं, कामावर परतणं, घरात हसणं, इतपत पोचणारे खूप आहेत.

मुलीवर हात उगारला, त्याबद्दल. दचकून चिडणं लक्षण आहे, मारणं नाही. शांत असताना त्यांच्याशी ठरवून टाका : राग चढतोय असं वाटलं की ते खोलीबाहेर जातील, आणि तुम्ही मागे जाणार नाही. मुलीलाही साध्या शब्दांत सांगा की बाबांना एका मोठ्या आगीमुळे आजार झालाय, तिच्या फुग्यामुळे नाही. हात खरंच पडला, किंवा तुम्हाला भीती वाटायला लागली, तर आजाराच्या नावाखाली खपवून घेऊ नका. आधी तुम्ही दोघी सुरक्षित जागी जा.

अपराधीपणा, दारू आणि न झोपलेल्या रात्री एकत्र असतात तेव्हा आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो, आणि तो सरळ विचारायचा : "जगू नये असं कधी वाटतं का?" विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट बऱ्याचदा माणूस सुटकेचा श्वास टाकतो. उत्तर हो असेल तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्यांना एकटं सोडू नका, गोळ्या आणि दारू हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, आणि त्याच दिवशी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या. जवळपास आत्महत्या प्रतिबंधाची हेल्पलाइन असेल तर तिचा नंबर आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा.

पहिल्या भेटीला जाताना लक्षणांची यादी, ती कधीपासून आहेत ते, गोळीचं नाव आणि पाकीट, आणि पिण्याचं खरं प्रमाण लिहून न्या. तज्ज्ञ कदाचित तुमच्या पतींना २० प्रश्नांची एक प्रश्नावली भरायला देतील. ती परीक्षा नाही, पुढे फरक मोजायलाही तीच वापरतात. थेरपिस्टला बेधडक विचारा : पीटीएसडीसाठी तुम्ही कुठली पद्धत वापरता, तिचं प्रशिक्षण घेतलंय का, साधारण किती भेटी लागतील? "बोलत राहू, बघू" एवढंच उत्तर आलं तर दुसरं दार ठोठवा.

आणि एक आधीच सांगून ठेवते. दीड वर्ष टाळलेल्या गोष्टीकडे पहिल्यांदा बघायला लागलं की सुरुवातीच्या काही भेटींत स्वप्नं आणि चिडचिड थोडी वाढू शकते. नेमक्या याच वेळी ते म्हणतील, "याने तर आणखी त्रास होतोय, बंद करू." तेव्हा घरात निर्णय घेऊ नका. पुढची भेट चुकवू न देता, हेच वाक्य थेरपिस्टसमोर बोलायला सांगा. वेग कमी करायचा, एखादी पायरी मागे यायचं, की औषधाची जोड द्यायची, हे तुम्ही दोघं आणि थेरपिस्ट अशा तिघांनी बसून ठरवता येतं.